टॅक्स कोड चुकला, जादा कापलेला कर परत कसा मिळवायचा?

ब्रिटनमधल्या वाचकांनी टॅक्स कोडविषयी (पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणाऱ्या आकडे-अक्षरांविषयी) विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत. वेगळे वर्ष सांगितले नसेल तिथे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे, म्हणजे ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६ या काळाचे आहेत. गणितात पेन्शनची कपात धरलेली नाही. रकमा पूर्णांकात घेतल्यामुळे पेस्लिपवरच्या आकड्याशी दोन-चार पौंडांचा फरक पडेल.

प्रश्न : ऑगस्टमध्ये पुण्याहून इथे आलो आणि १ सप्टेंबरला नोकरीला लागलो. वार्षिक पगार ३६,००० पौंड. आतापर्यंतच्या तिन्ही पेस्लिपांवर टॅक्स कोड '०टी एम१' असा आहे आणि दर महिन्याला ६०० पौंड कर कापला गेला आहे. माझ्याच बरोबरीने लागलेल्या सहकाऱ्याचा सप्टेंबरचा कर शून्य आहे. पेरोलवाले म्हणतात, एचएमआरसीकडून (ब्रिटनच्या करखात्याकडून) नवा कोड आल्याशिवाय आम्हांला काही करता येत नाही. माझा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याचा) नंबर उशिरा आला, त्यामुळे हे झाले का? पैसे परत मिळतील का?
— सॉफ्टवेअर अभियंता, रेडिंग

उत्तर : पैसे परत मिळतील, आणि आत्ताच हालचाल केलीत तर पगारातूनच मिळतील. नॅशनल इन्शुरन्स नंबर उशिरा येण्याचा यात थेट दोष नाही. तो नंबर नसतानाही कंपनी योग्य कोड लावू शकते. कोड ठरतो तो स्टार्टर चेकलिस्टवरून, म्हणजे रुजू होताना भरायच्या फॉर्मवरून. तुमच्याकडे आधीच्या ब्रिटिश नोकरीचे पी-४५ (नोकरी सोडताना मिळणारे पगार-कराचे प्रमाणपत्र) नव्हते आणि चेकलिस्ट एकतर भरली गेली नाही किंवा पेरोलपर्यंत पोहोचली नाही. अशा वेळी कंपनीने '०टी एम१' लावायचा असा नियमच आहे.

या कोडचे दोन्ही भाग तुमच्या विरुद्ध जातात. '०टी' म्हणजे करमुक्त रक्कम शून्य. खरे तर निवासी व्यक्तीला वर्षाला १२,५७० पौंडांचा पर्सनल अलाउन्स असतो (१२५७एल हा नेहमीचा कोड त्यावरूनच आला आहे, शेवटचा आकडा गाळून). 'एम१' म्हणजे प्रत्येक महिना जणू वर्षाचा पहिलाच महिना समजून सुटा हिशेब करायचा, मागचे काही बघायचे नाही. आठवड्याला पगार असेल तर तिथे 'डब्ल्यू१' दिसते, आणि काही पेस्लिपांवर नुसता 'एक्स'. अर्थ तोच.

तुमच्या सहकाऱ्याला साधा १२५७एल लागला आहे. त्यात ६ एप्रिलपासूनचा हिशेब एकत्र होतो. पगार सप्टेंबरअखेर झाला तेव्हा करवर्षाचा सहावा महिना चालू होता. तोवर सहा महिन्यांचा अलाउन्स, सुमारे ६,२८५ पौंड, साठलेला होता आणि पगार मिळाला होता फक्त ३,०००. म्हणून कर शून्य. ऑक्टोबरचाही शून्यच असणार. नोव्हेंबरपासून थोडा कर सुरू होतो.

नव्याने आलेल्यांचा इथेच मोठा गैरसमज असतो. वर्षाच्या मध्यावर आलात म्हणून अलाउन्स कापून सात महिन्यांचा केला जात नाही. तुम्ही ५ एप्रिलपर्यंत १८३ दिवसांहून जास्त इथे असाल, त्यामुळे त्या वर्षासाठी निवासी ठरता आणि पूर्ण १२,५७० तुमचे. (जानेवारी-फेब्रुवारीत आलेल्यांनी मात्र आधी निवासाचे नियम तपासावेत.) सप्टेंबर ते मार्च सात पगार म्हणजे २१,००० पौंड. त्यातून १२,५७० वजा केले की उरतात ८,४३०, आणि त्यावर २० टक्के म्हणजे १,६८६ पौंड. तुमचा खरा कर एवढाच. आत्ताचा कोड मार्चपर्यंत राहिला तर कापले जातील ४,२००. फरक २,५१४ पौंडांचा.

आता करायचे काय ते. एचएमआरसीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावरच्या पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये जा. ओळख पटवण्यासाठी गेल्या तीन महिन्यांतली पेस्लिप, ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स, क्रेडिट रेकॉर्ड यांपैकी काहीतरी लागते. नव्याने आलेल्यांची गाडी इथे अडते, कारण क्रेडिट रेकॉर्ड अजून तयार झालेले नसते. दोनदा नकार आला तर तिथे झगडत बसू नका, सरळ ०३०० २०० ३३०० या इन्कम टॅक्स हेल्पलाइनला फोन करा. ती सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६ चालू असते. फोनजवळ चार गोष्टी ठेवा : नॅशनल इन्शुरन्स नंबर, कंपनीचा पेये (PAYE, पगारातून करकपात) रेफरन्स (पेस्लिपवर असतो; तीन आकडे, तिरकी रेघ, मग अक्षरे-आकडे), रुजू झाल्याची तारीख आणि ताजी पेस्लिप. सांगायचे एवढेच : ही माझी ब्रिटनमधली एकमेव नोकरी आहे, ६ एप्रिलपासून इथे दुसरी नोकरी किंवा सरकारी भत्ता नव्हता, वर्षअखेरपर्यंत अंदाजे २१,००० पौंड मिळतील, आणि मला क्युम्युलेटिव्ह कोड हवा आहे. 'क्युम्युलेटिव्ह' (६ एप्रिलपासूनचा एकत्र हिशेब करणारा) हा शब्द मुद्दाम उच्चारा. नुसते 'कोड चुकला' म्हटले तर कधीकधी १२५७एल एम१ मिळतो. म्हणजे पुढच्या महिन्यांची कपात सुधारते, पण मागचे पैसे तिथेच अडकून राहतात.

कोड बदलला की एचएमआरसी कंपनीला पी-६ नोटीस इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवते आणि तुम्हांला त्याची प्रत येते. पेरोलने ती नोटीस उतरवून घेतली की पुढच्याच पगारात मागचा हिशेब आपोआप जुळतो. समजा डिसेंबरच्या पगाराला नवा कोड लागला. तोवरचा पगार १२,०००, साठलेला अलाउन्स सुमारे ९,४२७, म्हणजे त्या तारखेपर्यंतचा कर सुमारे ५१५. कापले गेलेत १,८००. पेस्लिपवर कराच्या रकान्यात उणे १,२८५ दिसेल आणि तेवढे पैसे पगारात जास्त येतील. पेरोलवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे, नोटिशीशिवाय त्यांना कोडला हात लावता येत नाही. मात्र नोटीस आली आहे का आणि या महिन्याचा हिशेब कोणत्या तारखेला बंद होतो, हे त्यांना जरूर विचारा. तारीख हुकली तर बदल एक महिना पुढे जातो.

तुमच्या बरोबर आलेल्या कुणी चेकलिस्टवर 'बी' पर्याय निवडला असेल (जूनपर्यंत भारतात नोकरी होती म्हणून बरेच जण तो निवडतात), तर त्यांना १२५७एल एम१ लागलेला असेल. तुमच्याइतक्याच पगारावर त्यांची मार्चअखेरची जादा कपात सुमारे १,०४७ पौंड होते, कारण आधीच्या पाच महिन्यांचा अलाउन्स वाया जातो. त्यांनीही हेच करायचे. ती नोकरी परदेशातली होती आणि तेव्हा आपण ब्रिटनमध्ये राहत नव्हतो, हे सांगायचे.

प्रश्न : मी रुग्णालयात नर्स आहे आणि त्याच ट्रस्टमध्ये (रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेत) बँक शिफ्टही, म्हणजे गरजेप्रमाणे जादा पाळ्याही, करते. मुख्य पगार महिना २,६०० पौंड, बँक शिफ्टचे साधारण ४००. जुलैपासून मुख्य पगारावर अचानक 'बीआर' कोड आला आणि बँकेच्या पेस्लिपवर १२५७एल. दर महिन्याला २१० पौंड जास्त जात आहेत. ट्रस्ट म्हणते एचएमआरसीला विचारा, एचएमआरसी म्हणते ट्रस्टला विचारा.
— नर्स, बर्मिंगहॅम

उत्तर : 'बीआर' म्हणजे अलाउन्स न देता सगळ्या रकमेवर सरसकट २० टक्के. दुसऱ्या नोकरीवर तो असणे बरोबरच आहे, कारण अलाउन्स एकदाच मिळतो आणि तो पहिल्या नोकरीवर खर्च झालेला असतो. तुमच्याकडे दोन्ही उलटे झाले आहेत.

याचे नेहमीचे कारण पेरोल नंबर. ट्रस्टने पेरोलची यंत्रणा बदलली, तुमचे पद बदलले किंवा बँकेची नेमणूक नव्याने नोंदली, की नवा पेरोल नंबर तयार होतो. तो एचएमआरसीकडे नीट जोडला गेला नाही तर संगणकाला ती नवी नोकरी वाटते आणि अलाउन्स भलतीकडे जातो. पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये चालू वर्षाच्या नोकऱ्यांची यादी उघडा. ट्रस्टचे नाव तिथे किती वेळा आहे, प्रत्येकासमोर पेरोल नंबर काय आहे आणि रुजू झाल्याची तारीख काय आहे, हे पेस्लिपांशी ताडून बघा. नाव दोनदाच असेल तर अलाउन्स मुख्य नोकरीवर हलवायला एचएमआरसीला सांगा. हे काम त्यांचे आहे. तीनदा असेल तर एक नोंद जुनी, मेलेली आहे. ती बंद करण्यासाठी ट्रस्टने त्या पेरोल नंबरवर सोडल्याची तारीख पाठवायला हवी. ते काम त्यांचे. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, कारण पेरोल नंबर सांगितल्याशिवाय प्रश्न कुणाला दिसतच नाही. ट्रस्टला ईमेल लिहा, त्यात तिन्ही नंबर आणि तारखा द्या.

एक दुरुस्ती तुमच्या हिशेबात. मुख्य पगारावर १२५७एल असता तर सुमारे ३१० पौंड कर गेला असता, आता ५२० जातो. म्हणून तुम्हांला २१० दिसतात. पण बँकेच्या ४०० पौंडांवर आता कर शून्य आहे, जो एरवी ८० झाला असता. तुमचे खरे नुकसान महिन्याला १३० पौंड आहे आणि परतही तेवढ्याच दराने मिळेल. हे आधीच माहीत असलेले बरे, नाहीतर कोड सुधारल्यावर बँकेच्या पेस्लिपवर एकदम मोठी कपात दिसून पुन्हा धक्का बसेल.

दोन्ही मिळून वर्षाला ५०,२७० पौंडांच्या वर जात असाल तर गोष्ट वेगळी. मग दुसऱ्या नोकरीवर 'बीआर' कमी पडतो आणि वर्षअखेरीस परतावा नव्हे, देणे निघते. तुम्ही ३६,०००च्या आसपास आहात, काळजी नाही.

जाता जाता : गणवेश घरी धूत असाल आणि ट्रस्ट त्याचा खर्च देत नसेल, तर नर्सना वर्षाला १२५ पौंडांची ठरीव वजावट मिळते. २० टक्क्यांनी ते २५ पौंड, पण मागच्या चार वर्षांचेही मागता येतात. एकदा मंजूर झाली की ही वजावट पुढे टॅक्स कोडमध्येच बसते.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे. २०२४-२५ मध्ये एका उपाहारगृहात आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत काम केले. महिना ८०० पौंड, वर्षाचे ९,६००. फॉर्मवर 'सी' पर्यायावर खूण केली होती, त्यामुळे वर्षभर बीआर लागला आणि १,९२० पौंड कापले गेले. ते वर्ष तर संपले. आता काही होईल का?
— विद्यार्थी, लेस्टर

उत्तर : होईल, आणि सगळेच्या सगळे १,९२० परत येतील, कारण तुमचे वर्षाचे उत्पन्न अलाउन्सच्या खाली आहे. 'सी' म्हणजे माझी आणखी एक नोकरी किंवा पेन्शन आहे. ती नव्हती, तर तुमचा पर्याय 'ए' होता.

करवर्ष संपले की कंपनीच्या पेरोलमधून मागचे पैसे मिळण्याचा रस्ता बंद होतो. मग ते एचएमआरसीच देते. जूनपासून पुढे एचएमआरसी प्रत्येकाच्या नोंदी जुळवते आणि जास्त कर गेलेला दिसला तर पी-८०० नावाचे हिशेबपत्र पाठवते. इथे विद्यार्थी एक गोष्ट हमखास चुकवतात : पत्र वाचून पैशांची वाट बघत बसतात. पूर्वी काही दिवसांनी चेक आपोआप यायचा. ३१ मे २०२४ पासून ते बंद झाले. आता पत्र आल्यावर तुम्हांलाच दावा करावा लागतो. ऑनलाइन केलात तर कामाच्या पाच दिवसांत पैसे बँकेत येतात, चेक मागितलात तर सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. दुसरी अडचण पत्त्याची. विद्यार्थी वर्षाला घर बदलतात आणि पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहते. पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये पत्ता आजच बदला आणि तिथेच मागच्या वर्षाचा हिशेब उघडून बघा. पत्र आले नसले तरी परतावा तिथे दिसू शकतो.

पी-६०, म्हणजे वर्षभराच्या पगार-कराचे प्रमाणपत्र, हाताशी ठेवा. ५ एप्रिलला जिथे नोकरीत होतात त्या मालकाने तो ३१ मेपर्यंत द्यायलाच हवा. आधीच सोडली असेल तर पी-४५. मालक दाद देत नसेल तर शेवटच्या पेस्लिपवरचे 'वर्षारंभापासून' हे आकडेही कामाला येतात. आणि हे नक्की तपासा : ती नोकरी आणि तो कर एचएमआरसीच्या नोंदीत आहे का? मालकाने पगारातून कर कापला पण कळवलाच नाही, असेही घडते. मग पेस्लिपा आणि बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी हाच तुमचा पुरावा. रोखीने, पेस्लिप न घेता काम करू नका असे आम्ही वारंवार सांगतो ते यासाठीही.

मुदत मोठी आहे, करवर्ष संपल्यापासून चार वर्षे. तुमच्या २०२४-२५ साठी ५ एप्रिल २०२९. पण ब्रिटिश बँक खाते चालू आहे तोवर उरकून घ्या. भारतात परतल्यावर हेच काम दसपट किचकट होते.

प्रश्न : ऑगस्टमध्ये कंपनी बदलली. पगार ४५,०००. जुन्या कंपनीत खासगी वैद्यकीय विमा होता, इथे नाही. तरीही माझा कोड ८९७एल आहे. १२५७एल करून घ्यायला हवा ना?
— वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : थांबा, आधी कोडच्या नोटिशीतली फोड वाचा. ८९७एल म्हणजे तुमचा अलाउन्स ८,९७० वर आला आहे, ३,६०० कुठेतरी वजा झाले आहेत. तुम्ही पाठवलेल्या नोटिशीत दोन ओळी आहेत : विम्याचे १,१०० आणि मागच्या वर्षी कमी भरलेल्या कराचे २,५००.

विम्याची ओळ जुनी झाली आहे. नोकरी बदलली तरी अशा सवलती कोडमध्ये तशाच राहतात, कुणीतरी सांगेपर्यंत. पण ती पूर्ण काढायची नाही. एप्रिल ते जुलै चार महिने विमा होता, त्याचे सुमारे ३६७ धरावेच लागतील. दुसरी ओळ खरी आहे. तुम्ही ५०० पौंड देणे लागत होता आणि २० टक्क्यांच्या हिशेबाने ते वसूल करायला २,५०० चा अलाउन्स कमी केला आहे. तीही काढायला सांगितलीत आणि कुणी काढून टाकली, तर तेच ५०० पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभे राहतील. तुमचा योग्य कोड ९७०एलच्या आसपास येतो आणि परतावा सुमारे १४७ पौंडांचा. विमा कोणत्या तारखेला थांबला ते एचएमआरसीला कळवा, पुरेसे आहे.

कोड लहान दिसला म्हणजे चुकला, असे नसते. उलट, फार मोठा दिसला तर जास्त घाबरायला हवे.

प्रश्न : दोन वर्षांच्या डेप्युटेशनवर होतो, ऑगस्ट २०२५ च्या शेवटी नागपूरला कायमचा परत आलो. ब्रिटनमधला पगार महिना ५,००० पौंड होता, कोड १२५७एल. कोड बरोबर असूनही परतावा मिळतो असे मित्र म्हणतात. खरे का?
— वाचक, नागपूर

उत्तर : खरे आहे. कोड बरोबर होता, पण तो तुम्ही मार्चपर्यंत कमावणार असे धरून चालला होता. एप्रिल ते ऑगस्ट पाच पगारांत मिळाले २५,००० आणि कापले गेले सुमारे ४,७६३, त्यात थोडा भाग ४० टक्क्यांचाही होता. वर्षाचे उत्पन्न २५,०००च असेल तर १२,५७० वजा जाता १२,४३० वर २० टक्के, म्हणजे कर २,४८६. परतावा २,२७७ पौंड.

यासाठी पी-८५ हा देश सोडल्याचा फॉर्म भरायचा आणि पी-४५ चे दुसरे व तिसरे पान सोबत द्यायचे. कंपनीने पी-४५ दिले नसेल तर ते आधी मागवा. बरेच दावे तिथेच रखडतात. पैसे ब्रिटिश बँक खात्यात घ्या, खाते बंद केले असेल तर तिथल्या विश्वासू माणसाला नॉमिनी करा. पौंडांचा चेक नागपुरात वटवणे हा मोठा व्याप आहे. ब्रिटनमध्ये घरभाडे वगैरे उत्पन्न असून सेल्फ असेसमेंट रिटर्न भरत असाल तर हाच हिशेब त्या रिटर्नमधून करायचा.

भारताची बाजू इथे महत्त्वाची आहे आणि तिकडे दुर्लक्ष होते. १ सप्टेंबरपासून ३१ मार्चपर्यंत २१२ दिवस तुम्ही भारतात, म्हणजे १८२ ची मर्यादा ओलांडून २०२५-२६ साठी भारतात निवासी. दोनच वर्षे बाहेर असल्याने 'निवासी, पण सामान्यतः निवासी नव्हे' या वर्गाची सवलतही बहुधा बसणार नाही. त्यामुळे एप्रिल ते ऑगस्टचा ब्रिटिश पगार भारतीय रिटर्नमध्ये दाखवावा लागेल आणि तिथे भरलेल्या कराचे श्रेय दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार मागता येईल. श्रेय मागताना पेस्लिपांवरचे ४,७६३ लिहू नका. परत येणारा कर हा भरलेला कर नव्हे. अखेरचा २,४८६ चा आकडा धरा. म्हणूनच पी-८५ आधी, भारतीय रिटर्न नंतर, हा क्रम सोयीचा पडतो. या टप्प्यावर दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीएची फी वाचवू नका.

प्रश्न : फोनवर संदेश आला, 'तुमचा ४८६ पौंडांचा टॅक्स रिफंड तयार आहे', सोबत लिंक. दुसरीकडे एक एजंट म्हणतो, सही करा, आम्ही सगळे करतो, ४० टक्के आमचे. कुणावर विश्वास ठेवू?
— वाचक, हौन्स्लो

उत्तर : दोघांवरही नको. लिंकवर बोट ठेवू नका. परताव्यासाठी बँकेचे तपशील मागणारा एसएमएस किंवा ईमेल एचएमआरसी पाठवत नाही. तो संदेश ६०५९९ वर पुढे पाठवा आणि पुसून टाका. खरोखर परतावा असेल तर तो पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये दिसेल. तिथे लिंकवरून नव्हे, पत्ता स्वतः टाइप करून जा. लिंकवर आधीच माहिती भरली असेल तर पहिला फोन बँकेला.

एजंट बेकायदा नसतो, पण तुमच्यासारख्या पगारदाराच्या चुकलेल्या कोडसाठी त्याची गरज नाही. वर सांगितलेला फोन हेच त्याचे काम आणि तो फुकट होतो. १,००० पौंडांतले ४०० त्या फोनसाठी देणे आम्हांला अजिबात पटत नाही. सही आधीच केली असेल तर कागद नीट वाचा. परताव्याचा हक्कच एजंटच्या नावे करून देणारे 'असाइनमेंट' १५ मार्च २०२३ पासूनचे असेल तर ते कायद्याने बंधनकारक नाही. पैसे त्याच्या खात्यात घेण्यासाठी नॉमिनेशन दिले असेल तर ते रद्द करा, तसे एचएमआरसीला आणि एजंटला दोघांनाही लेखी कळवा. फीच्या कराराचा मुद्दा मात्र वेगळा उरतो, त्यासाठी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे जा.

प्रश्न : पत्नी डिपेंडंट व्हिसावर आहे, नोकरी करत नाही. माझा पगार ३८,०००. तिचा अलाउन्स मला मिळतो का?
— वाचक, स्लाव

उत्तर : पूर्ण नाही, त्यातले १,२६० पौंड मिळतात. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने वर्षाला २५२ पौंड वाचतात, आणि अटी पुऱ्या होत असतील तर मागच्या चार वर्षांचेही मागता येतात. याला मॅरेज अलाउन्स म्हणतात. अर्ज पत्नीने करायचा, दोघांचेही नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतात. नोकरी करणार नसली तरी तिने तो नंबर काढून घ्यावा. तिचे एकूण उत्पन्न १२,५७० च्या आत हवे, आणि त्यात भारतातले भाडे, मुदतठेवींचे व्याजही धरायचे. मंजूर झाल्यावर तुमचा कोड १३८३एम होईल. 'एल' जाऊन 'एम' आला म्हणून घाबरून फोन करू नका. एप्रिल २०२५ पासून नव्याने आलेल्यांसाठी परदेशी उत्पन्नावर चार वर्षांची जी सवलत आहे, ती दोघांपैकी कुणी मागितली असेल तर त्या वर्षी हा लाभ मिळत नाही.

प्रश्न : कोड सुधारल्यावर जास्त गेलेला नॅशनल इन्शुरन्सही परत येईल का?
— वाचक, लंडन

उत्तर : नाही, कारण तो जास्त गेलेलाच नाही. टॅक्स कोडचा नॅशनल इन्शुरन्सशी संबंध नसतो. तो प्रत्येक नोकरीच्या प्रत्येक पगारावर सुटा मोजला जातो, महिन्याला १,०४८ पौंडांच्या वर ८ टक्के आणि ४,१८९ च्या वर २ टक्के. वर्षभराचा हिशेब त्यात होत नाही. त्यामुळे एखाद्या महिन्यात बोनस मिळून त्याच्यावर गेलेली कपात पुढच्या महिन्यात भरून येत नाही. पेस्लिपवर नॅशनल इन्शुरन्सचे अक्षर 'ए' आहे ना, एवढे बघा. बहुतेक नोकरदारांना तेच असते. वय २१ च्या आत असेल तर 'एम' हवे.